मेकाँगच्या पाण्यातली रेघ: थायलंड–लाओस सीमा कशी ठरली आणि ती ओलांडायची कशी

थायलंडच्या नोंग खाय गावात नदीकाठच्या बाजाराजवळ उभं राहिलं की समोर लाओस दिसतो. मध्ये फक्त मेकाँग नदी. घाटावरून लहान बोटी सुटतात, त्यात दोन्ही काठांची माणसं सामानसुमान घेऊन बसतात आणि थोड्याच वेळात पलीकडे उतरतात. पाहणाऱ्याला वाटतं, आपणही तिकीट काढावं आणि बसावं. पण भारतीय पासपोर्ट हातात असेल तर या बोटीत बसता येत नाही. त्याच नदीवर थोड्या अंतरावर पूल आहे, तिथूनच जावं लागतं.

असं का, हे समजायला दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्या लागतात. एक म्हणजे सीमारेषा, म्हणजे एक देश संपून दुसरा सुरू होतो ती जागा. दुसरी म्हणजे नाका, म्हणजे ती रेषा ओलांडायची परवानगी जिथे मिळते ती जागा. थायलंड–लाओस सीमा सुमारे १,८०० किलोमीटर लांब आहे आणि तिचा निम्म्याहून मोठा भाग नदीवरून जातो. तिथे रेषा ओलांडायला एक बोट पुरते, परवानगी मात्र मोजक्याच ठिकाणी मिळते. या सीमेवर प्रवाशांची जी फजिती होते, आणि कधी कधी जे खरंच भयंकर घडतं, ते बहुतेक या दोन गोष्टींच्या गल्लतीतून घडतं.

नदीत रेघ कुणी ओढली

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाओस स्वतंत्र नव्हता. पूर्वेकडे व्हिएतनाममध्ये बस्तान बसवलेल्या फ्रान्सला मेकाँगपर्यंतचा प्रदेश हवा होता आणि त्यावर सयाम, म्हणजे आजचा थायलंड, हक्क सांगत होता. जुलै १८९३ मध्ये फ्रेंच युद्धनौका चाओ फ्राया नदीत शिरून बँकॉकपर्यंत आल्या. ३ ऑक्टोबर १८९३ च्या तहात सयामने मेकाँगच्या डाव्या तीरावरचा सगळा हक्क सोडला आणि त्याबरोबर नदीतल्या बेटांवरचाही. बेटांचा तो उल्लेख एवढासाच आहे, पण त्याचे परिणाम आजही जागेवर दिसतात.

१९०४ मध्ये आणखी एक तह झाला. उत्तरेकडे लुआंग प्रबांग शहरासमोरचा आणि दक्षिणेकडे चंपासाकचा, असे उजव्या तीरावरचे दोन तुकडेही फ्रान्सकडे गेले. म्हणून आज नकाशावर पाहिलं तर वरच्या बाजूला सायाबुरी प्रांत आणि खाली पाक्सेच्या पश्चिमेचा भाग नदीच्या ‘थायलंडच्या बाजूला’ असूनही लाओसमध्ये आहे. या दोन ठिकाणी सीमा पाण्यातून बाहेर पडून डोंगरावर चढते आणि पाणलोटाच्या धारेने जाते. डोंगराच्या माथ्यावरून ज्या बाजूला पाणी वाहील, ती बाजू त्या देशाची. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, जपानच्या मध्यस्थीने थायलंडने हे तुकडे परत मिळवले होते. १९४६ मध्ये ते पुन्हा सोडावे लागले.

उरलेल्या नदीचा हिशेब २५ ऑगस्ट १९२६ च्या करारात लागला, आणि तो वाचण्यासारखा आहे. जिथे नदीत बेट नाही, तिथे सीमा ‘थालवेग’वरून जाते. थालवेग म्हणजे पात्रातल्या सर्वांत खोल जागा जोडत गेलेली रेषा. साध्या शब्दांत, उन्हाळ्यातही होडी जिथून तळाला न लागता जाईल तो मार्ग. ही पात्राची मधली रेषा नसते. वळणावर प्रवाह बाहेरच्या काठाला खणत जातो, त्यामुळे खोल भाग त्या काठाला चिकटून असतो आणि सीमाही तिकडे सरकते.

जिथे बेटांमुळे नदीचे फाटे होतात, तिथे सयामच्या काठाला सर्वांत जवळ असलेल्या फाट्याचा थालवेग हीच सीमा धरायची, असं करार सांगतो. याचा अर्थ असा की थायलंडच्या काठापासून हाकेच्या अंतरावर असलेलं बेटही लाओसचं. अपवाद फक्त आठ बेटांचा. ती करारात नावानिशी सयामला दिली आहेत.

आता डोळ्यांसमोर आणा. मेकाँगचं पाणी पावसाळ्यात, जून ते ऑक्टोबर, चढतं आणि कोरड्या महिन्यांत कित्येक मीटर खाली उतरतं. थायलंडच्या काठाजवळच्या एखाद्या लाओ बेटाभोवतीचा अरुंद फाटा फेब्रुवारी-मार्चमध्ये आटतो, वाळू उघडी पडते, आणि थायलंडच्या गावातला माणूस पाय न भिजवता दुसऱ्या देशात जाऊ शकतो. करार करणाऱ्यांना हे ठाऊक होतं. फाटा गाळाने भरला किंवा आटला आणि बेट काठाला कायमचं जोडलं गेलं, तरी सीमा तत्त्वतः त्या जुन्या थालवेगवरूनच जाईल, असं त्यांनी लिहून ठेवलं. म्हणजे काही ठिकाणी सीमा कोरड्या वाळूतून जाते आणि तिथे ती दाखवणारं काहीच नसतं. नदी वाळू इकडची तिकडे करते, काठ ढासळतात, वरच्या धरणांमुळे पाण्याची चढ-उतार ऋतूप्रमाणे होईनाशी झाली आहे. दोन्ही देशांनी १९९६ मध्ये संयुक्त सीमा आयोग नेमला. जमिनीवर खांब रोवणं त्यातल्या त्यात सोपं. नदीत खांब कुठे रोवणार?

अशा संदिग्धतेची किंमत एकदा रक्ताने मोजली गेली आहे. १९०७ च्या तहात उत्तरेकडे ह्युआंग नदी सीमा ठरली होती. पण वर डोंगरात या नदीला दोन शाखा आहेत आणि त्यातली एक त्या वेळच्या नकाशात नव्हती. खरी ह्युआंग कोणती, यावर रोमक्लाओ गावाचा मालक ठरत होता. डिसेंबर १९८७ ते फेब्रुवारी १९८८ थायलंड आणि लाओस तिथे लढले, दोन्हीकडची माणसं मेली, आणि १९ फेब्रुवारी १९८८ ला शस्त्रसंधी झाली.

सगळे नाके सारखे नसतात

थायलंडकडे नाक्यांच्या प्रती, म्हणजे दर्जे, आहेत. कायमस्वरूपी नाका कुठल्याही देशाच्या, वैध कागद असलेल्या प्रवाशाला खुला असतो. त्याखाली सवलतीचे नाके असतात: आठवड्यातले ठरलेले दिवस, ठरलेल्या वेळा, फक्त आसपासच्या जिल्ह्यांतल्या थाई आणि लाओ लोकांसाठी, मुख्यतः बाजारहाटाला. लाओसकडेही ‘आंतरराष्ट्रीय’ आणि ‘स्थानिक’ असा भेद आहे. दोन्ही बाजूंनी वरच्या प्रतीचा असेल तोच नाका तुमच्या-आमच्या कामाचा. एका काठाने तुम्हाला बाहेर सोडलं आणि दुसऱ्याला आत घ्यायचा अधिकारच नसेल, तर मधल्या मध्ये अडकायला होतं.

नोंग खायच्या घाटावरच्या बोटी याच कारणाने आपल्याला चालत नाहीत. उत्तरेकडे च्यांग खोंग ते हुएसाय ही बोट एके काळी पाठीवर पिशवी टाकून फिरणाऱ्या परदेशी प्रवाशांनी भरलेली असे. डिसेंबर २०१३ मध्ये तिथे पूल झाला आणि परदेशी लोकांना बोट बंद झाली. जुनी प्रवासवर्णनं वाचून आजही काहीजण थेट धक्क्यावर जातात आणि तिथून रिक्षा करून पुलाकडे परततात.

सीमेलगतच्या थाई-लाओ लोकांना पासपोर्टही लागत नाही. सीमा-परवाना काढून ते दोन रात्री, तीन दिवस पलीकडे राहू शकतात, तेही बहुधा समोरच्या प्रांतापुरतं. नाक्यावर एक रांग झरझर पुढे सरकताना दिसली तर ती त्यांची असते. तिथे उभं राहून वेळ घालवू नका.

आपल्याला उपयोगी मोठे मार्ग असे. नोंग खाय ते लाओसची राजधानी व्हियेंतियान हा पहिला मैत्री पूल, ८ एप्रिल १९९४ पासून सुरू, ऑस्ट्रेलियाच्या पैशातून बांधलेला. मुकदाहान ते सवन्नाखेत हा दुसरा, जपानी कर्जातून बांधलेला, उद्घाटन डिसेंबर २००६. पुढे मार्ग क्रमांक ९ ने व्हिएतनामच्या लाओ बाओकडे आणि दा नांगकडे जाणाऱ्यांसाठी हा. नाखोन फानोम ते थाखेक तिसरा, ११ नोव्हेंबर २०११. च्यांग खोंग ते हुएसाय चौथा. लुआंग प्रबांगला दोन दिवसांच्या संथ बोटीने जायचं असेल तर इथून. आणि दक्षिणेत छोंग मेक ते वांग ताओ, जिथे मध्ये नदी नाही, पायी सीमा ओलांडता येते. उबोन राचाथानीहून पाक्सेला जाणारे हाच रस्ता धरतात.

पहिला पूल, जवळून

पूल १,१७० मीटर लांब आहे. दोन्ही बाजूंना साडेतीन मीटर रुंदीची एकेक मार्गिका, कडेला दीड मीटरचे पदपथ, आणि बरोबर मध्ये, रस्त्याच्या पृष्ठभागातच बसवलेला मीटर गेज लोहमार्ग. गाडी येणार असली की दोन्हीकडची वाहनं थांबवतात, आगगाडी संथपणे पुलावरून जाते, आणि मग पुन्हा बसगाड्या सुरू होतात. कठड्याला थायलंडचे झेंडे लावलेले दिसतात. निम्म्यावर ते संपून लाओसचे सुरू होतात.

थायलंडमध्ये वाहनं आपल्यासारखी डावीकडून चालतात, लाओसमध्ये उजवीकडून. अख्खा पूल डाव्या बाजूच्या नियमाने चालतो आणि अदलाबदल लाओसच्या टोकाला, नाक्याच्या अलीकडे होते. रस्ते तिथे फुलीसारखे एकमेकांना छेदतात आणि सिग्नलवर आळीपाळीने एकेका दिशेला सोडतात. स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्याने सर्वांत जास्त लक्ष द्यायची जागा ही. फुली ओलांडल्यावर लगेच हात सवयीने डावीकडे वळतो. पुढचा पहिला चौक आणि पहिला गोल चक्कर इथे जास्त सांभाळायचं.

ओलांडायचं कसं

नाका सकाळी ६ ते रात्री १० उघडा असतो. दोन्ही देशांचं घड्याळ एकच आहे, त्यामुळे तासाचा घोळ नाही.

पासपोर्ट किमान सहा महिने वैध हवा आणि त्यात कोरी पानं हवीत, कारण लाओसचा व्हिसा चिकटवतात आणि तो पूर्ण पान खातो. भारतीयांना लाओसचा ३० दिवसांचा व्हिसा या नाक्यावर मिळतो. सोबत पासपोर्ट आकाराचा एक फोटो, राहण्याच्या ठिकाणाचा पत्ता, आणि अमेरिकन डॉलर रोख. शुल्क साधारण ४० डॉलर. वेळेबाहेर किंवा सुट्टीच्या दिवशी वर किरकोळ काही. नोटा कोऱ्या घ्या. फाटलेली, पेनाने लिहिलेली, जुनाट नोट सरळ परत करतात. थायलंडच्या चलनात, म्हणजे बाथमध्येही, पैसे घेतात, पण तिथल्या दराने तुम्हाला ते महाग पडतं. रुपये बदलून मिळतील या भरवशावर तर मुळीच जाऊ नका. ऑनलाइन ई-व्हिसाही आहे, मात्र तो ठरावीक नाक्यांवरच चालतो. अर्ज करताना आपल्या नाक्याचं नाव यादीत आहे हे पाहूनच पैसे भरा.

नोंग खायच्या बाजूला आधी थाई इमिग्रेशन. तिथे बाहेर पडल्याचा शिक्का बसतो. मग पुढच्या बाजूला पुलावरच्या बसचं तिकीट काढायचं आणि पलीकडे उतरायचं. लाओसच्या बाजूला आधी व्हिसाच्या खिडकीवर फॉर्म, फोटो, पासपोर्ट आणि पैसे द्यायचे. शेजारच्या खिडकीवर चिकटवलेला व्हिसा घेऊन पासपोर्ट परत मिळतो. इथे पुष्कळांचा घात होतो. व्हिसा मिळाला म्हणजे काम झालं असं समजून लोक सरळ बाहेरच्या टॅक्सीकडे चालू लागतात. व्हिसा ही फक्त आत येण्याची संमती. प्रवेशाचा शिक्का पुढच्या वेगळ्या काउंटरवर घ्यायचा असतो. तो नसेल तर परत निघताना तुम्ही देशात आलातच कसे, याचं उत्तर द्यावं लागतं. इथून व्हियेंतियान शहर सुमारे २० किलोमीटर. शहराच्या मुख्य बाजाराजवळच्या स्थानकापर्यंत बस जाते, टॅक्सीवाले मात्र बस नाही असं सांगतात.

बँकॉकहून रात्रीच्या गाडीनेही जाता येतं. मार्च २००९ मध्ये पुलावरून रेल्वे सुरू झाली तेव्हा ती पलीकडे थानालेंगपर्यंतच जायची. जुलै २०२४ पासून ती व्हियेंतियानच्या खामसावात स्थानकापर्यंत जाते. थाई शिक्क्यासाठी नोंग खाय स्थानकावर सामानासकट खाली उतरावं लागतं. अर्धवट झोपेत बर्थवर बसून राहू नका. आणि खामसावात म्हणजे चीनकडे जाणाऱ्या नव्या रेल्वेचं स्थानक नव्हे. ते वेगळं आहे, दूर आहे. लुआंग प्रबांगची गाडी त्याच दिवशी पकडायची असेल तर मध्ये भरपूर वेळ ठेवा. दोन रेल्वेंचे रूळही जुळत नाहीत: थाई मार्ग १,००० मिलिमीटरचा, डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेला चीन–लाओस मार्ग १,४३५ मिलिमीटरचा. म्हणून थानालेंगच्या कोरड्या बंदरात, म्हणजे जमिनीवरच्या माल-आगारात, कंटेनर एका वाघिणीवरून उचलून दुसरीवर ठेवावे लागतात.

परतीच्या वेळी

थायलंडकडे परतताना अडचणी जास्त येतात, कारण तिकडे सगळं सोपं आहे असा समज असतो.

मे २०२५ पासून थायलंडचं आगमन-पत्र ऑनलाइन भरावं लागतं, विमानाने या किंवा पुलावरून. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ते भरायचं. ते मोफत आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते सरकारी नाही. लाओसमध्ये दोन रात्रींसाठी गेलेल्यांनाही परतताना ते नव्याने भरावं लागतं, आणि हेच नेमकं राहून जातं.

नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना थायलंडमध्ये पर्यटनासाठी व्हिसा लागेनासा झाला. माफी आहे का आणि किती दिवसांची, हे धोरण बदलतं, तेव्हा निघायच्या आठवड्यात सरकारी पानावर पाहा. जमिनीवरून अशा माफीवर कॅलेंडर वर्षात दोनदाच येता येईल, असा नियम २०१६ च्या अखेरीस आला. त्यामागचा हेतू समजून घ्या. मुदत संपत आली की पुलापलीकडे जाऊन दुपारी परत यायचं आणि नवी मुदत घ्यायची, असं करून वर्षानुवर्षं राहणाऱ्यांना थायलंडला रोखायचं आहे. त्यामुळे पासपोर्टात अशा येण्या-जाण्याची रांग दिसली की अधिकारी परतीचं तिकीट, हॉटेल, हातातले पैसे विचारतो, आणि नाही म्हणायचा त्याला अधिकार आहे. मुदतीपेक्षा जास्त राहिलात तर दिवसाला ५०० बाथ दंड, कमाल २०,००० बाथ. ९० दिवसांहून जास्त झालं तर पुन्हा यायला बंदी.

थायलंडमध्ये नोकरीला किंवा शिकायला असलेल्या मराठी कुटुंबांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल किंवा मुदत वाढवून घेतलेली असेल, तर पूल ओलांडताक्षणी ती परवानगी संपते. शनिवार-रविवार व्हियेंतियान पाहून येऊ म्हणून निघालेल्या माणसाचा वर्षभराचा व्हिसा असा जातो. आधी पुनर्प्रवेश परवाना घ्या: एका वेळेसाठी १,००० बाथ, अनेक वेळांसाठी ३,८००. आणि तो घरच्या प्रत्येक माणसाचा वेगळा.

कस्टम्समध्ये थायलंडकडे येताना एक लिटर दारू आणि २०० सिगारेटपर्यंत सूट आहे. इलेक्ट्रॉनिक सिगारेट मात्र आणूच नका, तिच्यावर तिथे बंदी आहे.

शिक्का नसलेली माणसं

लाओसच्या उत्तरेला बोकेओ प्रांतात, थायलंडच्या च्यांग सेनसमोर, मेकाँगच्या काठावर ‘गोल्डन ट्रँगल’ विशेष आर्थिक क्षेत्र आहे. ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांसाठी ते कुप्रसिद्ध झालं. ‘डिजिटल मार्केटिंग’ किंवा ‘कस्टमर सपोर्ट’ची नोकरी म्हणून भारतातली तरुण मुलं बँकॉकला उतरवली जातात, गाडीने उत्तरेकडे नेली जातात आणि नदीपलीकडे पोहोचवली जातात. व्हियेंतियानमधला भारतीय दूतावास याबद्दल पुन्हा पुन्हा इशारा देत आला आहे, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये त्याने या भागातून ४७ भारतीयांची सुटका केली.

या सापळ्यात रेषा आणि नाका यांतला फरकच वापरला जातो. बोटीने रात्री पलीकडे नेलेल्या मुलाच्या पासपोर्टात थायलंड सोडल्याचा शिक्का नसतो आणि लाओसमध्ये शिरल्याचाही नसतो. कागदावर तो अजून थायलंडमध्येच असतो आणि तिथली मुदत संपत चाललेली असते. लाओसमध्ये तो घुसखोर ठरतो. पोलिसांकडे जायची भीती त्याला घालता येते ती याच जोरावर. आणि रीतसर नाक्यावरून नेलं तरी आगमनाच्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. थायलंडच्याही नाही आणि लाओसच्याही नाही. अशा व्हिसावर आलेल्या भारतीयांना लाओस काम करायचा परवाना देत नाही, हे दूतावासाने स्पष्ट लिहिलं आहे.

म्हणून कुणी ओळखीचा मुलगा अशा नोकरीला निघाला असेल, तर त्याला तीन प्रश्न विचारायला सांगा: कामाचा व्हिसा निघण्याआधी हातात मिळणार का, सीमा कोणत्या नावाच्या नाक्यावरून ओलांडणार, आणि पासपोर्ट माझ्याच जवळ राहणार का. ‘बोटीने जाऊ, लवकर होतं’ असं उत्तर आलं तर बँकॉकच्या विमानात बसूच नये. बँकॉकला पोहोचल्यावर कळलं, तर गाडीत न बसता तिथल्या भारतीय दूतावासात जावं. तोवर थायलंडचा प्रवेशाचा शिक्का वैध असतो आणि घरी परतायला तेवढा पुरतो.